पट्टा नवा, तरी सकाळी किंचाळतो: टेन्शनर बदलू की अल्टरनेटरची पुली?

2014 ची पेट्रोल हॅचबॅक, अल्टरनेटर (वीज बनवणारा जनरेटर) फिरवणारा 6 रिबचा (लांबीभर उभ्या धारा असलेला) पट्टा, तो आपोआप ताणून धरणारा ऑटो टेन्शनर. थंड इंजिन सुरू करून हेडलाइट आणि एसी लावला की 10 सेकंद कर्कश आवाज. पट्टा महिन्यापूर्वीच बदललाय. रिबच्या बाजूने पाणी मारलं तर आवाज वाढतो, म्हणजे पट्टा घसरतोय. अलाइनमेंटचा (पुल्या एका रेषेत नसल्याचा) दोष असता तर आवाज क्षणभर थांबला असता. पुल्यांच्या खाचा ब्रशने साफ केल्या, तेल-कूलंटची गळती नाही, आयडलर (पट्ट्याला फक्त वळण देणारी पुली) हाताने गुळगुळीत फिरतो.

टेन्शनरचा काटा खुणांच्या आतच आहे, पण आयडलिंगला त्याचा हात सारखा थरथरतो. अल्टरनेटरला फ्रीव्हील पुली आहे. पट्टा काढून फिरवली तर एका दिशेला धरते, दुसऱ्या दिशेला सुटते, पण अडखळत.

पट्ट्यावर मारायचा स्प्रे कृपया सुचवू नका, त्याने रबर खराब होतं. दोन्ही भाग एकदम घेणं जमणार नाही. ही थरथर टेन्शनरची स्प्रिंग ढिली पडल्याची, की पुली अडकत असल्याची? आधी काय बदलू?