मुलगा येत नसेल तर?
ताई, 'मुलगा यायला तयार नाही, मग फॅमिली थेरपी कशी होणार?' असं तुम्ही विचारलंत. होते. तुम्ही दोघं आई-बाबा गेलात तरी सुरू होते. पहिली बैठक साधारण तास-दीड तासाची. त्यात थेरपिस्ट घरातल्या तीन पिढ्यांच्या नात्यांचा नकाशा कागदावर काढतात आणि 'मुलगा दार आपटतो तेव्हा बाबा काय करतात?' असं आईला विचारतात, मग आईबद्दल बाबांना. घोडबंदरच्या वन बीएचकेत आजी हॉलमध्ये झोपते म्हणून भांडण कुजबुजत होतं, असल्या गोष्टी तिथंच निघतात. 'याला सुधारा' म्हणून एकालाच पुढे केलं की मात्र सगळं फसतं. घरात मारहाण असेल तर एकत्र बैठक नकोच. तिथं खरं बोलणाऱ्याला घरी मार बसतो. कुठून सुरू करावं कळत नसेल तर आधी टेली-मानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.