सल्ला हवा : लंडनहून उद्याच्या उद्या समुद्रावर कुठे जावे?

शिंपला

नमस्कार. मी लंडनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. आमची परीक्षा आज संपली आणि उद्या, शनिवारी, सकाळी निघून रात्री परतायचे असे आम्ही चौघांनी आत्ताच ठरवले आहे. मात्र जायचे कुठे, यावर एकमत होत नाही. माझे बालपण गुहागरला गेले असल्यामुळे दुकानांच्या गर्दीतून नुसता समुद्र पाहून माझे समाधान होणार नाही. भरपूर चालायला मिळावे आणि खर्च विद्यार्थ्यांना झेपावा, एवढीच अपेक्षा आहे. ब्रायटन, मार्गेट आणि साउथएंड ही तीन नावे समोर आहेत. यांपैकी काय निवडावे, आणि आयत्या वेळी काढलेली रेल्वेची तिकिटे फार महाग पडतात का?

दर्यावर्दी

साउथएंडचा धक्का दोन किलोमीटरहून लांब आहे आणि विहारासाठी बांधलेल्या धक्क्यांमध्ये तो जगात सर्वांत लांब मानला जातो. पण ते गाव थेम्सच्या मुखावर वसले असल्याने ओहोटीला पाणी दूर जाते आणि समोर चिखल उघडा पडतो. वाळूच हवी असेल तर मार्गेट निवडावे. ब्रायटनला वाळू नाही, गोटे आहेत.

टेकडीवाट

तुमच्या अपेक्षा वाचून मी असे सुचवेन की तिकीट ब्रायटनचे काढावे, पण दिवस ब्रायटनमध्ये घालवू नये. तिथून पूर्वेला 'सेव्हन सिस्टर्स' नावाचे खडूचे पांढरे कडे आहेत आणि इंग्लंडचा दक्षिण किनारा मला तिथे जितका भावला तितका अन्यत्र कुठेही भावला नाही.

आधी तिकिटांविषयी. लंडनहून ब्रायटन गाडीने साधारण तासाभरावर आहे. शनिवार-रविवारी गर्दीच्या वेळेचे चढे दर लागू नसतात, त्यामुळे आयत्या वेळी तिकीट काढल्याने मोठा फरक पडत नाही. विद्यार्थ्यांचे सवलतपत्र असेल तर भाडे एक तृतीयांशाने कमी होते; ते नसले तरी तीन ते नऊ जणांनी एकत्र प्रवास केल्यास तेवढीच सवलत गटाला मिळते, आणि तुम्ही चौघे आहात. केवळ 'थेम्सलिंक' या रेल्वे कंपनीच्या गाड्यांना चालणारे तिकीट बहुधा स्वस्त असते, मात्र ते घेऊन लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकाहून सुटणाऱ्या 'सदर्न' या दुसऱ्या कंपनीच्या गाडीत बसता येत नाही. सुट्टीच्या दिवशी रुळांची कामे निघतात आणि मधला टप्पा बसने करावा लागतो, म्हणून आज रात्रीच दोन्ही बाजूंचे वेळापत्रक पाहून ठेवावे.

ब्रायटनहून ईस्टबोर्नकडे जाणारी १२ क्रमांकाची दुमजली बस पकडावी, वरच्या मजल्यावर समुद्राच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे, बसावे आणि एक्सीट या थांब्यावर उतरावे. तिथून ककमिअर नदीच्या कडेने सपाट वाटेने अर्ध्या-पाऊण तासात समुद्र गाठता येतो. इथे एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी : नदीच्या मुखाशी पूल नाही. कड्यांवरून चालायचे असेल तर एक्सीटहून पूर्व काठाने जावे. पश्चिम काठावरच्या जुन्या घरांपाशी उभे राहून सर्व कडे एका नजरेत पाहायचे असतील तर त्या काठाने जावे. चुकीच्या काठाने गेल्यास पुन्हा एक्सीटच्या पुलापर्यंत मागे यावे लागते. पूर्वेकडची वाट सातही टेकड्यांची चढउतार करत बर्लिंग गॅपला पोहोचते आणि तिला थांबत-बसत तीन तास सहज लागतात.

आता कळकळीने सांगतो. खडू अतिशय ठिसूळ असतो. लाटा कड्याचा पाया पोखरतात आणि वरची हिरवळ, खाली आधार उरलेला नसतानाही, पायाखाली भक्कम वाटत राहते. याच किनाऱ्यावरचे बेल टूट हे १८३२ सालचे दीपगृह कडा जवळ येत गेल्यामुळे १९९९ मध्ये संपूर्ण इमारतीसह १७ मीटर आत सरकवावे लागले. छायाचित्रासाठी कडेला जाणारे लोक तिथे नेहमी दिसतात. तुम्ही त्यांचे अनुकरण करू नये. कड्यांच्या पायथ्याशी चालायचा मोहही आवरावा, कारण भरती आली की परतीची वाट बंद होते.

शिंपला

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. आमच्यातील एकीला ब्रायटनच्या राजवाड्यातील भारतीय सैनिकांच्या रुग्णालयाविषयी कुतूहल आहे. तेही याच दिवसात बसेल का?

जुनीपाने

हा प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण तिथे जाणारे आपले बहुतेक विद्यार्थी त्या घुमटांसमोर छायाचित्र काढून पुढे जातात. जॉन नॅश याने चौथ्या जॉर्जसाठी १८१५ ते १८२२ या काळात या रॉयल पॅव्हिलियनला आजचे भारतीय धाटणीचे रूप दिले. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१४ पासून १९१६ च्या आरंभापर्यंत, फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या भारतीय सैनिकांवर येथे उपचार झाले. निरनिराळ्या धर्मांच्या आणि जातींच्या सैनिकांसाठी तिथे नऊ स्वतंत्र स्वयंपाकघरे चालत आणि हिंदू व मुसलमान सैनिकांसाठी पाण्याचे नळही वेगळे होते.

ब्रायटनच्या रुग्णालयांत मृत्यू पावलेल्यांपैकी ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना शहराबाहेर पॅचमच्या टेकड्यांवर अग्नी देण्यात आला आणि त्यांच्या अस्थी समुद्रात विसर्जित करण्यात आल्या. दहनभूमीवर १९२१ मध्ये संगमरवरी छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिकेस या वास्तुविशारदाने केला होता. तिथे मोटार जात नाही. पॅचमपर्यंत बसने जाऊन पुढे उघड्या माळावरून चढत चालावे लागते. आपल्या देशातून इतक्या दूर आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी ती चढण चढावी, असे मला मनापासून वाटते.

टेकडीवाट

छत्री आणि सेव्हन सिस्टर्स एकाच दिवसात बसवल्यास दोन्हीकडे धावपळ होईल. उद्या कड्यांवर जाणार असाल तर पॅव्हिलियन सकाळी बाहेरून आणि बागेतून पाहून घ्यावे. ते स्थानकापासून दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर आहे आणि पूर्वेकडची बसही जवळच मिळते. वारा फार असेल किंवा धुके उतरले असेल तर मात्र कड्यांचा बेत रद्द करावा, पॅव्हिलियन आतून सावकाश पाहावे आणि दुपारी छत्रीकडे जावे. मे अखेरीस सूर्यास्त रात्री नऊच्या सुमारास होतो, त्यामुळे उजेडाची काळजी नाही. पाणी मात्र या दिवसांत बरेच थंड असते आणि ब्रायटनचा तळ काही पावलांतच एकदम खोल होतो. म्हणून पोहायचे झाल्यास जीवरक्षक हजर असताना, त्यांच्या लाल-पिवळ्या निशाणांच्या मधल्या भागातच उतरावे.