दुःखात आधी माणूस हवा, देव नंतर. पटतंय का?

उंबरठा (धागाकर्ती)

माझा धाकटा भाऊ गेला त्याला दोन वर्षं झाली. 34 वर्षांचा होता. पहिल्या आठवड्यात घरात माणसांची रीघ लागलेली. आलेला प्रत्येक जण काहीतरी सांगून जायचा. "चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात." "आत्मा अमर आहे, शरीराचं काय एवढं." "त्याचं तेवढंच आयुष्य होतं." कुणाच्या मनात खोट नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण अशा प्रत्येक वाक्यासरशी कुणीतरी माझ्या तोंडावर हात ठेवतंय असं वाटायचं. आत्मा अमर आहे म्हटल्यावर रडायला कारणच उरत नाही ना! मी गप्प व्हायचे आणि समोरच्याला वाटायचं, सावरली बाई.

मग एक शेजारीण आली. ती काही बोललीच नाही. मागच्या दोरीवर तीन दिवस कपडे तसेच होते, वाळून कडक झालेले. तिने ते काढून आणले, माझ्याजवळ जमिनीवर बसली आणि घड्या घालायला लागली. त्यात भावाचा निळा शर्ट निघाला. तिचे हात थांबले. शर्ट मांडीवर ठेवून तिने विचारलं, "हा कुठे ठेवू?" त्या प्रश्नाने माझा बांध फुटला. तासभर तरी रडले असेन. 'रडू नकोस' असं ती एकदाही म्हणाली नाही. शर्ट मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. पहिल्या दिवसांत माणसाला माणूस लागतो. अध्यात्म खरं असेल, मी नाकारत नाही. पण ते घाईने आलं तर त्याचं औषध होत नाही, बूच होतं. तुमचे अनुभव वाचायला आवडतील. विरोधी मतंही हवीत, फक्त नुसतं 'श्रद्धा ठेवा' असं लिहू नका.

---

एकतारी

सहमत नाही. का ते सविस्तर लिहिते.

माझे मिस्टर 19 दिवस आयसीयूत होते. 'आधी माणूस' हे दिवसा ठीक आहे हो. रात्री तीन वाजता कुठला माणूस? बहिणीने सांगून ठेवलं होतं, कधीही फोन कर. पण सलग चौथ्या रात्री तिची झोप मोडायची म्हणजे आपल्यालाच कानकोंडं होतं. माणसं थकतात. जीव लावणारी माणसंसुद्धा थकतात, आणि त्यांचं थकणं आपल्याला दिसतं. त्याचं ओझं पुन्हा आपल्याच डोक्यावर.

आयसीयूच्या दाराबाहेर लोखंडी खुर्च्यांची रांग होती. त्यातल्या कडेच्या खुर्चीत बसून मी बोटांच्या पेरांवर नाम मोजायचे. चार बोटांची बारा पेरं, ती नऊदा झाली की 108. आतून दार उघडलं की मोजणी मोडायची. नर्स निघून गेली की परत पहिल्या पेरापासून. पाचव्या दिवसानंतर मी 'यांना बरं कर' असं मागणंसुद्धा सोडून दिलं, नुसतं नाव घेत राहिले. मिस्टर वाचले ते डॉक्टरांमुळे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या खुर्चीत मी टिकले ती नामामुळे. त्या वेळी माझ्याबरोबर तो एकटाच जागा होता. त्याला 'नंतर' कसं म्हणू?

---

कोरी पाटी

एकतारी, तुमच्या अनुभवाचा आदर आहे. पण श्रेय नामाचं की श्वासाचं, हा प्रश्न विचारायलाच हवा. 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लुचानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला होता. 23 निरोगी माणसांना एकदा मेरीची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा बौद्ध मंत्र. दोन्ही वेळी श्वास मिनिटाला सहाच्या आसपास उतरला आणि हृदयाच्या ठोक्यांची लय सुधारली. नाव वेगळं, भाषा वेगळी, परिणाम एकच. मग त्यात देव कुठे आला?

आणि माझा खरा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. माझ्या मुलीला जन्मतः हृदयाचा दोष होता. तिचं ऑपरेशन ठरलं तेव्हा एक जवळचे नातलग बायकोला म्हणाले, "मागच्या जन्मीचं काही देणं असेल, फेडायचं." त्यांच्या दृष्टीने हे सांत्वन होतं! त्यानंतर बायकोने एक वही केली. गरोदरपणातल्या नऊ महिन्यांत आपण कुठे गेलो, काय खाल्लं, कुणाला काय बोललो, हे आठवून आठवून तारीखवार लिहायची. चूक सापडेपर्यंत. ती वही मला कपाटात सापडली तेव्हा मुलगी बरी होऊन घरी आलेली होती, आणि वहीतलं लिहिणं तरी चालूच होतं.

श्रद्धेचा असाही चेहरा असतो. केनेथ पार्गामेंट या मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलंय. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी वयाची 55 उलटलेल्या 596 आजारी माणसांचा दोन वर्षं मागोवा घेतला, 2001 मध्ये ते प्रसिद्ध झालं. 'देवाने मला टाकलं', 'देव मला शिक्षा करतोय' असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. तेव्हा 'श्रद्धेने आधार मिळतो' एवढं मोघम म्हणून चालणार नाही. कसली श्रद्धा, ते आधी सांगा.

---

एकतारी

श्वासामुळे असेल, मान्य. पण त्या रात्री कुणी मला नुसते श्वास मोजायला सांगितले असते तर मी तिसऱ्या मिनिटाला उठून गेले असते. नावात कुणीतरी आहे असं वाटत होतं म्हणून धरून बसले.

वहीबद्दल वाचून मात्र पोटात तुटलं. त्या नातलगांची बाजू मी घेणार नाही. असं बोलणाऱ्याला मी श्रद्धाळूही म्हणणार नाही.

---

पाणपोई

उंबरठा यांच्याशी शंभर टक्के सहमत. माणसाला बोलतं करणं हेच महत्त्वाचं. आमच्या मित्राचा अपघात झाला, गाडीत बरोबर असलेला दुसरा मित्र गेला. आम्ही चौघं रोज संध्याकाळी त्याच्याकडे जायचो आणि काय काय झालं ते त्याच्याकडून वदवून घ्यायचो. आत साठून राहिलं की माणूस सडतो. शिवाय दुःखाचे पाच टप्पे असतात असं वाचलंय, नकार, राग वगैरे. तो अजून पहिल्याच टप्प्यात अडकला होता, म्हणून जोर लावावा लागला. आता तो आमचे फोनच उचलत नाही, पण त्याला वेळ द्यावा लागेल.

---

सावकाश

मी समुपदेशनाचं काम करते. पाणपोई, तुमची तळमळ कळते, पण दोन गोष्टी स्पष्ट लिहिते, वाईट वाटून घेऊ नका.

ते पाच टप्पे एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये मांडले, ते मुळात स्वतःच्या मृत्यूला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या माणसाने त्या पायऱ्या क्रमाने चढायच्या असतात, असं काही सिद्ध झालेलं नाही. कुणी तुमच्या मित्रासारखं गोठतं, कुणी आठव्या दिवशी कामावर जातं आणि सहा महिन्यांनी एखादा वास आला की कोसळतं. दोन्ही चालतं.

दुसरं, बोलतं करणं. मोठ्या आघातानंतर लगेच एका बैठकीत झालेली घटना सांगायला लावायची, अशी पद्धत एके काळी फार चालायची. तिच्या चाचण्या झाल्या तेव्हा त्या एका बैठकीने पुढचा त्रास टळत नाही असं दिसलं, आणि काही चाचण्यांत तर तो वाढलेला आढळला. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या मानसिक प्रथमोपचार मार्गदर्शिकेत तीनच कामं सांगितली आहेत: बघा, ऐका आणि योग्य मदतीशी जोडून द्या. 'खोदून विचारा' हे त्यात नाही. काय घडलं ते सांगायचा आग्रह करू नका, असंच आहे.

तुमच्या मित्राने फोन उचलणं बंद केलंय, ते त्याचं उत्तर आहे असं समजा. एकदाच निरोप ठेवा: "बोलायची गरज नाही, नुसता येऊन बसेन, नको असेल तर तसं सांग." आणि बसायला गेलात तर खरंच गप्प बसा. पण जगण्यात अर्थ नाही, मरून जावं असं तो म्हणाला किंवा तसं काही तुम्हाला जाणवलं, तर वाट बघू नका. त्याला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. तिथे माणूस की देव हा वाद थांबतो.

उंबरठा, तुमच्या शेजारणीने काय केलं बघा. तिने तुम्हाला बोलतं केलंच नाही. उत्तर देता येईल एवढा छोटा प्रश्न विचारला.

---

पाणपोई

वाचून सुन्न झालो. आम्ही त्याला रोज त्याच गाडीत परत बसवत होतो. आज निरोप ठेवतो.

---

कोरी पाटी

सावकाश यांचा प्रतिसाद आवडला. एक भर घालतो, कारण 'आम्ही सगळे तुझ्यासाठी प्रार्थना करतोय' हेही फार ऐकायला मिळतं. हर्बर्ट बेन्सन यांच्या पथकाने बायपासच्या 1,802 रुग्णांवर मोठी चाचणी केली होती, 2006 मध्ये निकाल आले. आपल्यासाठी प्रार्थना होतेय हे ज्यांना नक्की ठाऊक होतं त्यांच्यातल्या 59 टक्क्यांना गुंतागुंत झाली. प्रार्थना होतेय की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हतं आणि होतही नव्हती, त्यांच्यात 51 टक्के. हा फरक योगायोगाचा असू शकतो असं संशोधकांनीच म्हटलंय. पण फायदा दिसला नाही एवढं तर खरं.

---

जुनी वही

कोरी पाटी, त्या चाचणीतले प्रार्थना करणारे रुग्णांना ओळखतही नव्हते. त्यांना नुसतं पहिलं नाव आणि आडनावाचं अक्षर दिलेलं. एकतारी ताई खुर्चीत बसून करत होत्या ते वेगळं. स्वतः धरलेलं नाम आणि दुसऱ्याने पाठवलेली प्रार्थना एका तराजूत घालू नका.

पण माझा मूळ मुद्दा धागाकर्तीसाठी आहे. किसा गोतमीची गोष्ट आठवा. मेलेलं मूल कडेवर घेऊन ती औषध मागत बुद्धाकडे आली. तो काय म्हणाला? जीवन अनित्य आहे, असं तिला दारातच ऐकवलं नाही. ज्या घरी कधी कुणी मेलं नाही अशा घरातून मोहरी आण, म्हणाला. ती दारोदार गेली. प्रत्येक उंबऱ्यावर कुणीतरी तिला आपल्या घरातला मृत्यू सांगितला असणार. कुणी मुलगा, कुणी सासू. ती संध्याकाळी परतली तेव्हा तिला उपदेश ऐकू आला. आता यात माणूस आधी की अध्यात्म आधी? मला तर ते वेगळं काढताच येत नाही. तिला माणसांकडे धाडणं हेच त्याचं अध्यात्म होतं.

तुकारामांचंही तेच म्हणेन. दुष्काळात पहिली बायको गेली, मुलगा गेला. त्यानंतर त्यांनी विठ्ठलाशी भांडण मांडलं, जाब विचारले. भक्तीने त्यांचं तोंड बंद झालं नाही. उलट तिथेच त्यांना बोलायला जागा मिळाली.

---

उंबरठा (धागाकर्ती)

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले.

एकतारी ताई, तुमच्या तीन वाजताच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. शीर्षकातलं 'नंतर' मी मागे घेते. माझा राग देवावर नव्हताच, माझ्या वतीने देवाचं नाव घेणाऱ्यांवर होता, हे 'जुनी वही' यांचं वाचताना लक्षात आलं. तुम्ही स्वतः मोजलेलं नाम आणि मला ऐकवलेला अमर आत्मा, यांची मी गल्लत केली.

एका गोष्टीवर मात्र ठाम आहे. दुसऱ्याच्या दुःखापाशी जाताना आपलं तत्त्वज्ञान चपलांसारखं बाहेर काढून ठेवावं. त्याने विचारलं तर बोलावं. मी आता कुणाकडे गेले तर हाताला दिसेल ते काम करते, भांडी विसळते, फोन घेते, येणाऱ्यांना दार उघडते. तोंडाने काही सांत्वन जमत नाही मला अजून.

---

एकतारी

मान्य. तेवढं तुमचं खरं.

एक विचारू का? त्या शर्टाचं काय झालं पुढे?

---

उंबरठा (धागाकर्ती)

कुठे ठेवू, ते मला त्या दिवशी सांगता आलंच नाही. म्हणून जाताना ती तो आपल्या घरी घेऊन गेली. अजून तिच्याच कपाटात आहे. मध्ये एकदा तिने विचारलं, "आता आणून देऊ का?" मी म्हटलं, राहू द्या अजून थोडे दिवस.