अनुभव धागा: कमी बजेटमध्ये पहिला डीएसएलआर कसा निवडलात?

माझ्या भाचीची यंदा बारावी झाली आणि तिला कॅमेरा हवाय. मोबाईलवर ती छान फोटो काढते, पण आता व्ह्यूफाइंडरला डोळा लावून, सगळं हाताने सेट करून शिकायचंय म्हणते. बजेट तीस हजार, त्यातले बारा तिने लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेत, त्यामुळे एक रुपयाही चुकीच्या वस्तूवर जायला नको असं मला फार वाटतंय. नवीन मिररलेस (आत आरसा नसलेला, हल्लीच्या प्रकारचा कॅमेरा) या पैशात बसत नाही, म्हणून जुना डीएसएलआरच (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा) बघायचा असं आमचं ठरलं. मॉडेलची यादी नकोय, तुम्ही स्वतः काय बघून घेतलात आणि काय बघायचं राहिलं ते लिहा.

सुरुवात मी करते. २०१२ मध्ये निकॉन डी३१०० घेतला, सोबत १८-५५ एमएमची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच मिळते ती. चौदा मेगापिक्सेल. तेव्हाही लोक म्हणाले की चोवीसवाला नवीन आलाय, थोडे पैसे टाक आणि तो घे. नाही घेतला. दिवे घाटात पालखी चढतानाचा एक फोटो बारा बाय अठरा इंचाचा प्रिंट करून घरी लावलाय, जवळ जाऊन बघितलं तरी टाळ धरलेली बोटं स्पष्ट दिसतात. मेगापिक्सेलचा विचार करूच नका इतकंच माझं सांगणं. बाकी तुम्ही सांगा.

—

रत्नागिरीहून लिहितोय. ताई, कॅमेरा कुठला घ्यायचा यापेक्षा तो ठेवायचा कुठे हे आधी ठरवा. मी बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) आणि दोन लेन्स एकदम घेतल्या, पावसाळ्यात फिरणं नाही म्हणून बॅग कपाटात ठेवून दिली ती थेट गणपतीत काढली. लांबचं जवळ आणणाऱ्या ५५-२५० लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. बुरशी! साफ करायचा खर्च लेन्सच्या निम्म्या किमतीएवढा सांगितला. कॅमेऱ्याची बॅग ओल धरून ठेवते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आता घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटं आर्द्रता मोजायचं यंत्र, काटा चाळीस ते पन्नासच्या मधे राहील असं बघतो. जेलचा रंग बदलला की गरम करून परत वापरायचं. सगळं मिळून हजाराच्या आत झालं, आणि त्यानंतर इतके पावसाळे गेले पण लेन्स स्वच्छ आहेत.

जुनी लेन्स घेताना मागून टॉर्च मारून बघाच. नुसत्या डोळ्याला काही दिसत नाही.

—

वरच्या टॉर्चला शंभर टक्के अनुमोदन. मी फोर्टातल्या बोरा बाजारातून सेकंडहँड घेतला होता, त्याआधी तीन शनिवार नुसता बघत फिरलो आणि त्या तीन शनिवारांत जे शिकलो ते असं. स्वतःचं मेमरी कार्ड घेऊन जायचं. कॅमेरा एफ/१६ किंवा एफ/२२ वर, म्हणजे लेन्सचं भोक अगदी लहान करून ठेवून पांढऱ्या भिंतीचा नाहीतर मोकळ्या आभाळाचा फोटो काढायचा, सेन्सरवर (आतला फोटो टिपणारा भाग) धूळ असेल तर काळे ठिपके दिसतात. धूळ निघते, पण ओरखडा असेल तर तो कॅमेरा सोडून द्यायचा. निकॉनच्या फोटोच्या फाईलमध्येच शटर किती वेळा पडलंय तो आकडा असतो, कॅननच्या बहुतेक कॅमेऱ्यांच्या फाईलमध्ये तो नसतो, तिथे मग घासलेलं रबर, बटणांवरची पुसलेली अक्षरं यावरून अंदाज घ्यावा लागतो. आणि बिलावरचा सिरीयल नंबर कॅमेऱ्याखालच्या नंबराशी जुळवून बघायचाच, दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी.

—

घरातल्या लहान मुलांचे फोटो काढायचे असतील तर माझा अनुभव. सगळे सांगतात की किट लेन्सनंतर ५० एमएम एफ/१.८ घ्या, स्वस्त आहे, मागचं सगळं मस्त धूसर होतं. घेतली. पण स्वस्तातल्या डीएसएलआरचा सेन्सर लहान असतो, म्हणून निकॉनवर ती पन्नासची लेन्स पंचाहत्तरसारखी वागते आणि कॅननवर ऐंशीसारखी. आमचं घर वन बीएचके, लेक रांगायला लागलेली, मी मागे सरकत सरकत भिंतीला टेकायचे तरी तिचे पाय फ्रेमच्या बाहेरच! शेवटी ती विकून ३५ एमएम घेतली आणि मग दोन वर्षं दुसरी लेन्स लावलीच नाही.

अजून एक, निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यामुळे जुनी एएफ-डी लेन्स (जिच्यात स्वतःची मोटर नसते) लावली तर फोकस हाताने करावा लागतो, म्हणून लेन्सच्या नावात एएफ-एस आहे ना ते बघूनच घ्या. मला हे ऑफिसमधल्या एका काकांनी पैसे द्यायच्या आदल्या दिवशी सांगितलं, त्यांचे उपकार आहेत.

—

मी पक्षीवाला, सोलापूरचा. बॉडीवर कमीत कमी पैसे घालवा. माझी कॅनन १२००डी आहे, सेकंडहँड, नऊच फोकस पॉइंट, त्यातला मधला तेवढा भरवशाचा, म्हणून मी कायम तोच वापरतो. जे पैसे वाचले ते ५५-२५० वर घातले. भिगवणला थंडीत रोहित येतात, उजाडायच्या आत होडीत बसायचं, नावाड्याला सांगून ठेवायचं की पक्ष्यांच्या अंगावर होडी घालू नकोस, लांबच थांबव. २५० वर रोहित फ्रेमभर येत नाही हे खरं. पण अख्खा थवा, पाणी आणि त्यावरचं धुकं असं सगळं एकत्र येतं, आणि मला तर तेच जास्त आवडायला लागलंय. उडत्या पक्ष्याला शटरचा वेग एक हजारांश सेकंदाच्या खाली नेऊ नका, हवं तर आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवा. थोडे दाणे दिसले तर दिसू देत, हललेला फोटो नंतर कशानेच नीट होत नाही.

—

व्हिडिओचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमचे आजोबा कीर्तन करतात, वय ऐंशीच्या पुढे, त्यांचं रेकॉर्डिंग करून ठेवायचं होतं. निवडताना मी एकच गोष्ट बघितली, बाहेरचा माइक लावायची सोय. निकॉन डी३५०० ला ती नाही, कॅनन १५००डी लाही नाही, आणि दोन्ही कॅमेरे फोटोला उत्तम आहेत म्हणून दुकानात तेच पुढे केले जायचे. मी कॅनन २००डी घेतला, माइक लागतो, स्क्रीन बाहेर वळतो, आणि व्हिडिओ चालू असताना फोकस चेहऱ्यावरून हलत नाही. आजोबांचे सोळा तासांचे रेकॉर्डिंग आहे आता आमच्याकडे. भाचीला व्हिडिओ करायचाय का, हे आधीच विचारून घ्या ताई.

—

ट्रेकला जाणाऱ्यांसाठी: वजन आणि बॅटरी. डी३५०० बॅटरीसकट साधारण चारशे ग्रॅम, एका चार्जवर दीड हजारांच्या वर फोटोंची क्षमता कंपनीने दिलीय. हरिश्चंद्रगडावर तीन दिवस राहिलो, कोकणकड्यावर सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा काढत होतो, तरी खाली पाचनईला उतरल्यावर एक दांडी शिल्लक होती. स्क्रीन बंद ठेवून व्ह्यूफाइंडरमधूनच काढायचं मात्र.

—

माझं मत जरा वेगळं. कंपन्यांचं सगळं लक्ष आता मिररलेसकडे आहे, डीएसएलआरला नवीन लेन्स येणार नाहीत. बजेट दहा-पंधरा हजारांनी वाढत असेल तर सहा महिने थांबा असं मी म्हणेन.

—

थांबा म्हणणं सोपं आहे हो, पण अठराव्या वर्षी सहा महिने फार असतात. आणि नवीन लेन्स आल्या नाहीत तरी जुन्या बाजारात ढिगाने आहेत, उद्या मिररलेस घेतला तर ॲडॉप्टर लावून कॅननच्या ईएफ लेन्स आणि निकॉनच्या एएफ-एस लेन्स फोकससकट चालतात. घेऊ द्या तिला आत्ताच.

—

सगळ्यांचे मनापासून आभार, भाचीने एक एक अनुभव दोनदा वाचला. व्हिडिओ करायचाय का विचारलं तर म्हणाली हो, गावच्या जत्रेचा. म्हणून माइकची सोय असलेला जुना निकॉन डी५३०० शोधला, १८-५५ सकट एकवीस हजारांना मिळाला आणि वर साडेसात हजारांत सेकंडहँड ३५ एमएम. टॉर्च घेऊन गेलो होतो, पहिल्याच ३५ मध्ये कडेला धागे दिसले, ती तिने स्वतःच परत केली आणि दुसरी मागितली. उरलेल्या पैशात डबा, सिलिका जेल आणि कार्ड.

घरी आल्या आल्या खिडकीशी वाती वळत बसलेल्या आजीचे फोटो काढायला बसली. एफ/१.८ वर फोकस कधी पदरावर जायचा, कधी कापसावर. दहाएक फोटो तसेच गेले. आजी म्हणाली, अगं अजून किती वेळ, माझ्या वाती संपत आल्या. मग एक आला, अंगठा आणि बोट यांच्या मधली वात तेवढी स्पष्ट, बाकी सगळं मऊ. तो तिने मला लगेच दाखवला नाही, स्वतःच कितीतरी वेळ बघत बसली होती.