पालिकेनं व्यापाऱ्यांना बोलावलंय, शहराच्या आर्थिक विकासाचा प्लॅन करायचाय म्हणे. काय घेऊन जाऊ?

ट्रॉलीवाला_निपाणी

नमस्कार मंडळी. निपाणीत माझं हार्डवेअरचं दुकान आणि मागं छोटं फॅब्रिकेशन आहे, शटर, ग्रील, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या असं काम. पालिकेतनं निरोप आलाय, पुढच्या महिन्यात व्यापारी, अडते, वर्कशॉपवाले सगळ्यांना बसवून गावच्या धंद्यापाण्याचा आराखडा करणार आहेत. आमच्या ग्रुपनं मला पुढं ढकललंय, कारण काय तर मला कन्नड वाचता येतं.

आता ग्रुपवर मागण्यांचा पाऊस पडालाय. कागलसारखी फाइव्ह स्टार एमआयडीसी आम्हालाबी पाहिजे, टॅक्स कमी करा, पार्किंग द्या, दुकानापुढच्या हातगाड्या उठवा. चूक म्हणत नाही मी, आमची पोरं सकाळी डबा घेऊन बॉर्डरपलीकडं महाराष्ट्रात कागलला जातात आणि रात्री येतात ते रोज बघतोय की. हे गाव तंबाखूवर उभं राहिलेलं, १९८१ ला तंबाखूच्या दरासाठी शेतकरी हायवेवर बसले होते तेव्हा माझे वडील वखारीत हमाली करत होते. आता वखारी हायत पण पहिल्यासारखं नाही, आणि तंबाखूनंतर काय हे कुणी विचारतच नाही.

पण मला मागचा अनुभव हाय. अशाच एका मीटिंगला गेलो होतो, कुठलं ऑफिस ते सोडा, हार झाले, भाषणं झाली, बिस्किट चहा झाला, शेवटी म्हणाले सूचना लेखी द्या. मी रात्री जागून दोन पानं लिहून दिली. सहा महिन्यांनी विचारायला गेलो तर साहेब बदललेले, नव्या साहेबांनी परत चहा सांगितला आणि म्हणाले, लेखी द्या.

म्हणून विचारतोय, या खेपेला नेमकं काय घेऊन जाऊ?

उद्यमबागचा_टर्नर

दादा, एमआयडीसीची मागणी यादीत तळाला टाका. वाईट वाटून घेऊ नका पण जागा घेणं, प्लॉट पाडणं हे केआयएडीबीचं, म्हणजे कर्नाटकच्या औद्योगिक वसाहती करणाऱ्या मंडळाचं काम, पालिकेच्या हातात ते नाही, तुम्ही तेच पहिलं मागितलं की त्यांना बरंच होतं, वर पाठवतो म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

आधी गावात जे चालू आहे त्याची मोजदाद करा. खरंच सांगतो, कुणाला माहीत नसतं. एक दोनशे पानी वही घ्या आणि दुकानोदुकानी, शेडोशेडी फिरा. लांबलचक फॉर्म नको, फॉर्म बघितला की माणूस जीएसटीवाला आला म्हणून घाबरतो. चारच प्रश्न. माल कुठनं आणता, तयार माल कुठं जातो, गेल्या वर्षात कशामुळं काम अडलं, आणि एक माणूस जादा कामावर घ्यायचा तर काय पाहिजे. शेवटचा प्रश्न विचारून गप बसायचं, दुसरी चहा होईस्तोवर माणूस खरं बोलत नाही.

आमच्याच लाइनीतलं सांगतो. मी मशीन शॉपवाला. ऑइल सील, बेअरिंग, टूलच्या टिपा असल्या बारक्या सामानासाठी आम्ही सातआठ जण आठवड्यातनं दोनदा कोल्हापूरला माणूस पाठवायचो, प्रत्येकाचा वेगळा, एकमेकाला पत्ता नाही. एकदा एकाच दुकानाच्या काउंटरवर आमची तीन पोरं भेटली आणि मग आम्हाला लाज वाटली. आता एकच पोरगा जातो, यादी आदल्या रात्री व्हॉट्सॅपवर. याला कुठली स्कीम लागली नाही.

मोठं उदाहरण पाहिजे तर बेळगावच्या फाउंड्र्या बघा. कास्टिंगची केमिस्ट्री तपासायला स्पेक्ट्रोमीटर लागतो, तो छोट्या फाउंड्रीला एकट्याला कसा परवडणार? क्लस्टर करून सामायिक टेस्टिंगची सोय झाली ती त्यातनंच. केंद्राची एमएसई, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगांच्या क्लस्टरची स्कीम अशाच कॉमन फॅसिलिटीसाठी आहे, पण तिथं पंधरावीस धंदेवाले सोसायटी किंवा कंपनी करून स्वतःचे पैसे घालायला तयार पाहिजेत. आमच्याकडं भांडणं तिथंच होतात बघा, अध्यक्ष कोण.

रिटायर्ड_हेडक्लार्क

मी पालिकेत आयुष्य काढलं, (कुठल्या ते विचारू नका), त्यामुळं दोन गोष्टी आतल्या बाजूनं सांगतो.

पहिली. हे पालिकेचं काम नव्हे असं कुणी म्हणालं तर ७४ वी घटनादुरुस्ती काढून दाखवा, १९९२ ची. त्यात बारावी अनुसूची आहे, पालिकांचे १८ विषय, आणि तिसराच विषय आर्थिक आणि सामाजिक विकासाचं नियोजन. रस्ते पाणी त्याच्यानंतर येतात. त्याच दुरुस्तीनं जिल्हा नियोजन समिती आली, शहरांचे आणि जिल्ह्यातल्या पंचायतींचे प्लॅन तिथं एकत्र व्हायचे असतात आणि पाचात चार मेंबर निवडून आलेल्यांनी निवडून दिलेले पाहिजेत. आता कर्नाटकात जिल्हा पंचायतींची मुदत २०२१ ला संपली आणि पुढं प्रशासक बसले, म्हणजे समिती कशी चालणार तुम्हीच समजा. म्हणून वरची वाट बघू नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पालिकेला जे करता येतं तेवढंच मागा. ट्रेड लायसन्स, पालिकेच्या गाळ्यांचं भाडं आणि लिलाव, बाजाराची जागा, दिवे, कचरा, ट्रक कुठल्या रस्त्यानं कधी आत यायचा ते. एवढ्यावरच बरंच होतं. आणि बजेटच्या आधी लोकांशी सल्लामसलतीची बैठक घ्यावी लागते, ती साधारण हिवाळ्यात होते, तिथं चार व्यापारीसुद्धा येत नाहीत. आराखड्यात लिहिलेलं काम बजेटमध्ये आलं नाही तर तो आराखडा म्हणजे भडंग बांधायला कागद.

तुमची ती दोन पानं कुठं गेली सांगू? टेबलावर दिली असणार. टेबलावर दिलेला कागद हा कागद नसतोय हो. टपाल सेक्शनला द्यायचा, आवक नंबर घालून घ्यायचा, झेरॉक्सवर सही शिक्का घ्यायचा. आणि मीटिंगचं इतिवृत्त आठ दिवसात पाहिजे असं पौरायुक्तांना, म्हणजे पालिकेच्या मुख्य अधिकाऱ्याला, तिथल्या तिथं सांगायचं, कोण काय कधी करणार त्याच्यासकट. साहेब बदलला तरी फाइल राहते.

खरं_बोलणारा

काही होणार नाही. सीमाभागात आपण दोन्हीकडच्यांना नकोसे. आमच्याकडं निम्मे जुने अडते नोटीस न वाचताच सही करतात कारण सगळं कन्नडमध्ये, आणि मराठीत मागितलं की विषय धंद्याचा राहत नाही, दुसरीकडंच जातो. टाइमपास.

ट्रॉलीवाला_निपाणी

@खरं_बोलणारा, नोटीसचं मी बघतो, मीटिंगचा कागद आला की मराठीत लिहून ग्रुपवर टाकतो, त्यासाठीच तर मला पुढं केलंय. हेडक्लार्क काका, पाया पडतो, खरंच टेबलावर दिली होती.

मसालेवाली_संकेश्वर

मी वाचत होते, आता राहवलं नाही म्हणून लिहितेय. ट्रॉलीवाले दादा, तुमच्या यादीतलं हातगाड्या उठवा हे आधी खोडा.

माझी आई बिड्या वळायची, मी संकेश्वरी मिरचीचा मसाला करते, जावेला धरून, आणि सुरुवातीची तीन वर्षं मी रस्त्याच्या कडेला टेबल टाकूनच विकलाय. फेरीवाल्यांचा कायदा २०१४ चा आहे, सर्व्हे झाल्याशिवाय उठवता येत नाही आणि शहरात लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाल्यांना जागा द्यायची असते. निपाणी ६० हजाराची धरली तरी १५०० होतात. त्यासाठी टाउन व्हेंडिंग कमिटी असते, तिच्यात ४० टक्के फेरीवालेच पाहिजेत आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका. धंदेवाल्यांना सोबत घेऊन प्लॅन म्हणताय तर हे धंदेवाले नव्हेत काय? आणि हातगाडीवर आलेलं गिऱ्हाईकच तुमच्या दुकानात खिळे घ्यायला वळतं की.

दुसरं म्हणजे मीटिंगची वेळ. संध्याकाळी सातला ठेवली की बायका येणार नाहीत, त्यावेळी चूल असते. बिडीवाल्या बायका दिवसभर वळून माल कारखान्यावर द्यायला जातात, दुपारी जेवण झालं की तासभर मोकळ्या असतात, तेव्हा त्यांच्या गल्लीत जाऊन बसा. तंबाखूनंतर काय हा प्रश्न त्यांना विचारा, हमालांना विचारा, आमच्यासारख्यांना तुम्ही विचारतच नाही.

आणि स्कीम स्कीम करतात त्याचं सांगते. खाद्यपदार्थांच्या छोट्या उद्योगांना केंद्राची पीएमएफएमई स्कीम आहे, ३५ टक्के सबसिडी, १० लाखांपर्यंत, कर्नाटकात राज्याची भर धरून ५० टक्के, १५ लाखांपर्यंत. बेळगाव जिल्ह्याचं प्रॉडक्ट गूळ आहे त्यात, पण मसाल्यालाही मिळते. मी चक्की आणि पॅकिंग मशीनसाठी बँकेत गेले. तीन चकरा. शेडचा उतारा सासऱ्यांच्या नावावर, मग संमतीपत्र, मग कोटेशन जुनं झालं, मग साहेब रजेवर. चौथ्या खेपेला जिल्हा उद्योग केंद्राच्या माणसाला बरोबर घेऊन गेले तर अर्ध्या तासात काम झालं. म्हणून सांगते, पालिकेकडं मागायचंच असेल तर महिन्यातनं एक दिवस पालिकेतच टेबल मागा, एका बाजूला बँकवाला, एका बाजूला उद्योग केंद्रवाला, मधे आम्ही. त्याला खर्च चार खुर्च्यांचा.

खानापूरकर

ताईंना अनुमोदन. आमच्या खानापुरात लाल माती, कौलं, विटा, मडकी. खादी कमिशनची कुंभारकामाची संस्था इथं १९५४ पासून आहे, म्हणजे शिकवायची सोय होती. पण घरांवर स्लॅब आणि पत्रे आले, कौलाची मागणी गेली, भट्ट्या एकेक करून थंड झाल्या आणि त्या वर्षांत कौलवाल्यांना एकत्र बसवून पुढं काय करायचं असं कुणी विचारलं नाही. आमच्या काकांची भट्टी होती, आता तिथं मंगल कार्यालय आहे. तंबाखूचं तसंच व्हायच्या आत वही काढा.

आणि चपलांचं विसरू नका. कोल्हापुरी चप्पलेचं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, २०१९ ला मिळालं ते महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून, त्यात बेळगाव आहे. अथणी निपाणी भागातले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या करतात आणि माल कोल्हापूरच्या नावानं विकला जातो. लिडकार आणि लिडकॉम दोन राज्यांची दोन चर्मोद्योग महामंडळं एका कागदावर आली, मग आपलं गाव आणि कागल एका टेबलावर यायला काय हरकत आहे?

ट्रॉलीवाला_निपाणी

अपडेट देतो. गेल्या पाच दिवसांत दुपारी दुकान पोरावर सोडून ११ ठिकाणी फिरलो, सगळी ट्रॉली आणि ग्रीलवाली. हसाल मला. जाड पत्रा बेंड करायचं मोठं मशीन आमच्यात कुणाकडंच नाही, सगळे कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत पाठवतात, आणि प्रत्येकाचा टेम्पो अर्धा रिकामा. माझा मंगळवारी जातो, समोरच्या गल्लीतल्या अण्णांचा बुधवारी. वीस वर्षं आम्ही एकमेकाला नमस्कार करतोय, हे कधी बोललोच नाही. कशामुळं अडलं याला नऊ जणांचं उत्तर एकच, पत्रा वेळेत वाकून येत नाही. टॅक्स म्हणणारा एकच निघाला, आणि एमआयडीसी कुणीच म्हणालं नाही, ग्रुपवर सगळ्यात मोठ्यानं ओरडणारे तेच होते तरी.

टर्नर दादा, ते बेंडिंग मशीन सामायिक घ्यायचं झालं तर सोसायटी बरी की कंपनी, जरा फोनवर बोलूया, मेसेज करतो. हातगाड्यांची ओळ खोडली ताई, ग्रुपवर शिव्या खाल्ल्या दोन जणांच्या, चालतंय. शनिवारी दुपारी दोनला बिडीवाल्या मावशींच्या गल्लीत जायचंय, बायकोला घेऊन जातो म्हणजे त्या बोलतील. काका, आवक नंबरसाठी झेरॉक्स दोन काढू का तीन?

रिटायर्ड_हेडक्लार्क

तीन. एक ग्रुपकडं ठेवा, एक घरी, आणि एक नव्या साहेबांसाठी.