अपिया ते पागो पागो विमानाला किती वेळ? तातडीने मदत हवी आहे

घाईत_आहे: अपियाहून (समोआ) पागो पागोला (अमेरिकन समोआ) जायचंय. अंतर कुठे १२० किमी दिलंय, कुठे १५०. तिकिटाच्या साइटवर तर निघायचा वार शुक्रवार आणि पोहोचायचा गुरुवार! साइट गंडलीये का? आजच बुकिंग करायचंय, फाटे फोडू नका.

सुमित_बदलापूर: १५० किमी म्हणजे जेटला जेमतेम १२ मिनिटं.

दर्यावर्दी: जेट कुठून आणलंत? त्या मार्गावर ट्विन ऑटरसारखी पंख्याची छोटी विमानं असतात, वेग ताशी तीनशेच्या आतबाहेर. जाताना वारा बहुतेक समोरून. ३५-४० मिनिटं धरा. घाईत, फालेओलोहून निघणार की फागालीईहून?

घाईत_आहे: अपिया म्हटलं ना!

दर्यावर्दी: अहो, दोन्ही विमानतळ अपियाचेच. फालेओलो शहराच्या पश्चिमेला ३५-४० किमी, तिथून पागो पागो १५०. फागालीई शहराला लागून, तिथून सव्वाशेच्या आत. तिकिटावर बघा.

अनघा_ऑकलंड: साइट बरोबर आहे. मधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते. व्यापार न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाशी आणि वार मात्र त्यांच्या एक दिवस मागे, म्हणून समोआने २०११ साली रेषा ओलांडली. ३० डिसेंबर तिथे उजाडलाच नाही. अमेरिकन समोआ होता तिथेच राहिला.

भूगोल_मास्तर: फरक २५ तासांचा आहे, २४ नव्हे.

अनघा_ऑकलंड: तो उन्हाळी वेळेत, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करायचे तेव्हा, असायचा. २०२१ पासून समोआने ती बंद केली. आता घड्याळ तेच, पागो पागोत वार एक मागे.

काका_सांगली: बोटीने जा. रात्रभराचा प्रवास, समुद्र बघायला मिळतो. आणि गंमत म्हणजे समोआत २००९ पासून गाड्या डावीकडून चालतात, पलीकडे अजून उजवीकडून.

घाईत_आहे: काका, बोट नको!! पागो पागोहून गुरुवारी रात्री होनोलुलूचं विमान आहे. मग अपियाहून बुधवारी निघू?

दर्यावर्दी: हे आधी सांगायचं ना! तिथला गुरुवार म्हणजे तुमचा शुक्रवार. शुक्रवारी सकाळी निघालात की गुरुवारी सकाळी पोहोचाल. बुधवारी निघालात तर तिथे मंगळवार, दोन दिवस हॉटेलचं भाडं भरत बसाल. पुढे होनोलुलू ४,२०० किमी, साडेपाच तास.

अनघा_ऑकलंड: पासपोर्ट कुठला?

घाईत_आहे: भारतीय. अमेरिकेचा व्हिसा आहे.

अनघा_ऑकलंड: अमेरिकन समोआची इमिग्रेशन वेगळी आहे. त्या व्हिशावर विसंबू नका, प्रवेशाच्या परवान्याचं तिथल्या ऑफिसात विचारा आणि मगच पैसे भरा.

हनिमून_प्लॅन: फिजीला डिसेंबरात जावं का?

दर्यावर्दी: पावसाचे, वादळांचे दिवस असतात. वेगळा धागा काढा. घाईत, सामान किती आहे? छोट्या विमानात माणसाचंही वजन करतात.

घाईत_आहे: माझं वजन कशाला??

काका_सांगली: पागो पागोत शाकाहारी मिळतं का हो?

दर्यावर्दी: बंदरावर ट्यूना माशांचा कारखाना आहे, काका.