नाव टाकून वॉरंट सापडतं का?

काही जण म्हणतात की नोंदी शोधून देणाऱ्या खासगी साइटवर पैसे भरून नाव टाकलं आणि 'काही सापडलं नाही' आलं, म्हणजे आपल्या नावे अटक वॉरंट नाही. असं धरून चालू नका हो! या साइट जुन्या नोंदी गोळा करून विकतात. काल निघालेलं वॉरंट त्यांना कुठून कळणार? शिवाय आरोपी पळून जाऊ नये म्हणून बरीच वॉरंटं बजावेपर्यंत गुप्तच असतात.

उलटी गंमतही होते. नाव जुळलं की माणूस हादरतो, पण जन्मतारीख आणि खटला क्रमांक पाहिले तर तो भलताच कोणी निघतो.

अमेरिकेत एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेची एनसीआयसी ही गुन्हेविषयक नोंदींची देशभरची यादी १९६७पासून आहे, पण ती पोलिसांसाठी, तुमच्याआमच्यासाठी नाही. तिथे सामान्य माणसाने कौंटीच्या (म्हणजे जिल्ह्यासारख्या भागाच्या) कोर्टाच्या किंवा शेरीफच्या (तिथल्या पोलीस प्रमुखाच्या) नोंदी बघायच्या. इंटरपोल या आंतरराष्ट्रीय पोलीस संघटनेची रेड नोटीस तर मुळात वॉरंटच नव्हे, ती शोध घेऊन तात्पुरत्या अटकेची विनंती. त्यातल्याही बहुतेक नोटिसा इंटरपोलच्या साइटवर झळकत नाहीत.

शंका असेल तर आधी वकील गाठा, त्यालाच कोर्टात चौकशी करू द्या. कोर्टाच्या तारखेला हजर न राहिल्यामुळे निघालेलं वॉरंट असेल तर स्वतःहून हजर राहिल्यावर ते रद्द करून घेता येतं बऱ्याचदा. आणि फोनवर 'आत्ता पैसे भरा, वॉरंट मिटवतो' म्हणणारा भेटला, तर फोन ठेवून द्या.